न धुतलेली खुंटी

गुरुवार, २ मे

धाकटे,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी भोंग्याच्या गाडीतून क्रेट उतरवून घे. माझ्यावरचा राग रोपांवर काढू नकोस. फोन करून पाहिला होता. तुझा फोन माझा नंबर ओळखतो आणि गप्प बसतो, म्हणून हा कागद.

आपला मावसभाऊ भोंगा दर सोमवारी आणि गुरुवारी भाजी घेऊन तुझ्या दारावरून जातो, हे मला सात वर्षांनी कळलं. तेही त्याच्या तोंडून निसटलं म्हणून. माणूस कुजबुजला तरी दोन गल्ल्यांना ऐकू जातं, आणि एवढी गोष्ट मात्र पोटात ठेवून बसला. मी भांडले तर म्हणतो, "मी डाक आहे, कोर्ट नाही. दोघींपैकी कुणाची बाजू घ्यायला लावू नका."

त्याच्याकडून एवढंच काढता आलं की तू स्वतःचं रान घेतलंयस. तीन बाजूंना कुंपण, चौथ्या बाजूला ओढा, आणि त्या मातीत आजवर ना कांदा लागलाय ना लसूण. यंदा पूर्ण रानात लीक लावणार आहेस म्हणे. कांद्याची उंच, शिष्ट बहीण, असं तू लहानपणी लीकला म्हणायचीस. खाली गोळा नाही, नुसताच पांढरा लांब दांडा आणि वर हिरवा तोरा. अजून म्हणतेस का?

सहा ट्रे पाठवतेय. प्रत्येकात सत्तर रोपं, मार्चमध्ये मी स्वतः एकेक उचलून लावलेली. लगेच जमिनीत घालू नकोस. दहा दिवस बाहेर वाऱ्यावर राहू देत, सोमवारी तेरा तारखेला लाव. वीतभर खोल भोक, रोप आत सोडायचं, वरून पाणी, माती लोटायची नाही. हे तुला मी शिकवावं म्हणजे कमालच झाली, पण ताई आहे, सांगणारच. पानांवर नारिंगी पुरळ आलं तर तो तांबेरा. त्याने पीक मरत नाही, खताचा हात आखडता घे आणि ओळींत हवा खेळू दे. चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे, कोरडं पडलं की येतात, पाणी वाढव. पतंगासाठी बारीक जाळी पहिल्या दिवशीच टाक. त्याने अंडी घातल्यावर जाळी टाकली तर चोर घरातच कोंडल्यासारखं होतं.

क्रेटच्या तळाशी अप्पांच्या जुन्या सदऱ्यात एक वस्तू गुंडाळली आहे. रोपांसाठी भोकं पाडायची त्यांची खुंटी. हो, तीच. कुदळीच्या मोडक्या दांड्याची, वर त्यांच्या मुठीचा खड्डा पडलेली. मागच्या हिवाळ्यात त्यांना झटका आला आणि उजवा हात गेला, हे भोंग्याने सांगितलं असेलच. आता ती इथे खिळ्यावर लटकून काय करणार. तुला पाठवू का म्हणून मी विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते तू ठरव.

खुंटी धुवू नकोस. तुला माहीतच आहे. कुदळ, फावडं, बूट सगळं घासून घेतल्याशिवाय दारात पाऊल टाकू न देणारे आपले अप्पा, पण खुंटीला पाणी लावलं तर घर डोक्यावर घ्यायचे. लाकूड फुगतं म्हणायचे. खरं कारण वेगळंच होतं, त्यांच्या वडिलांच्या हातची माती तिच्यावर होती. तुझी रोपं लावताना मीही तीच घेतली, सात वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, अप्पांचा हात लागल्यासारखं होईल.

जुनं मी काही काढणार नाही. तूही काढू नकोस.

ताई


सोमवार, ६ मे

धाकटे,

घाईत लिहितेय, भोंगा हॉर्न वाजवतोय. लागवड थोडी थांबव.

विशेष काही नाही. माझ्याकडे दोन ट्रे मागे राहिले होते, त्यातल्या एकात सहा-सात रोपं पिवळी पडलीयत. बाहेरची पानं आधी, टोकाकडून. अळी असावी. किंवा ती पानं पोखरणारी माशी. तुझ्याकडच्या पानांवर सुईने टोचल्यासारखे पांढरे ठिपके एका रेषेत दिसतात का बघ. दिसले तर तीच. मुळं मी अजून पाहिलेली नाहीत.

तोवर ट्रे जमिनीवर ठेवू नकोस. फळीवर ठेव, विटांवर ठेव, कशावरही ठेव पण मातीला टेकू देऊ नकोस. ट्रेमधून निथळलेलं पाणी रानात जाऊ देऊ नकोस. खुंटी सदऱ्यातच राहू दे, अजून काढली नसशील तर काढूच नकोस.

एवढ्याशा अळीसाठी इतकं कशाला असं तुला वाटेल. मला उगाच काळजी करायची सवय आहे, एवढंच समज.

ताई


गुरुवार, ९ मे

धाकटे,

तुझा निरोप मिळाला. भोंग्याने सोमवारी संध्याकाळी अंगणात उभं राहून सांगितला, म्हणजे अख्ख्या गल्लीला मिळाला. "ताईला सांग, सात वर्षांपूर्वी माझी रोपं सडकी होती. आता तिची स्वतःची पण सडकी निघाली का? मी तेराला लावणार म्हणजे लावणार."

बोल. तुझा हक्क आहे. पण आता मी सांगते ते नीट वाच.

मुळं पाहिली नाहीत असं मी लिहिलं ते खोटं. रविवारीच पाहिली होती. पिवळं रोप धरून नुसतं वर ओढलं तर मुळं खालीच राहिली, रोप लोण्यातून काढावं तसं हातात आलं. बुडाला पांढरा कापूस. त्या कापसात काळे दाणे, खसखशीएवढे. मी दाणे नखावर घेऊन उन्हात धरले, चष्मा लावून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ती पांढरी सड आहे, धाकटे. मी अळीचं नाव घेतलं कारण अळीला औषध असतं.

पांढऱ्या सडीला काय असतं ते तुलाही पाठ आहे. काही नाही. तांबेरा पिकाबरोबर जातो, फुलकिडे पावसात वाहून जातात, पतंगाचे कोष बोटांनी चिरडता येतात. हे दाणे मात्र मातीत वीस वर्षं झोपून राहतात आणि कांदा, लसूण, लीक यांचं मूळ जवळ आलं की जागे होतात. एकदा रानात शिरले की बुटाने, फाळाने, पाण्याने पसरतात. तुझं रान कोरं आहे. ते असं पुन्हा मिळणार नाही, ना तुला ना मला.

म्हणून तुझे सहाही ट्रे जाळ. वरून हिरवीगार दिसणारी रोपंसुद्धा. खतात टाकू नकोस, ओढ्यात सोडू नकोस. पक्क्या रस्त्यावर पत्रा टाक आणि त्यावर जाळ. क्रेट जाळ, सदरा जाळ. खुंटीही जाळ. सड खुंटीतून आली.

हे मी कशावरून म्हणते ते ऐक. मार्चमध्ये मी आठ ट्रे भरले. एकच माती, एकच बी, एकाच बाकावर, एकाच झारीचं पाणी. सात ट्रेंची भोकं खुंटीने पाडली. आठव्याला मनगट दुखायला लागलं म्हणून कानामागची पेन्सिल वापरली. माझ्याकडे राहिले ते सातवा आणि आठवा. सातवा सडतोय. पेन्सिलवाला आठवा त्याला खेटून उभा आहे आणि त्यात एक पान पिवळं नाही. कालच सगळी सत्तर रोपं उपटून मुळं पाहिली. पांढरीशुभ्र. परत लावण्याआधी बघत बसावंसं वाटलं.

नर्सरीच्या फाटकावर पाटी लावलीय, विक्री बंद. नेहमीची गिऱ्हाइकं विचारतात, अप्पा बरे आहेत ना. मी म्हणते, अप्पा बरे आहेत, रोपं आजारी आहेत. हसून जातात.

मीच यायला हवं होतं. पण अप्पांना एकटं ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर माझे बूट तुझ्या रानात यायच्या लायकीचे नाहीत.

खुंटीवर ती माती कुठून आली, असं तू विचारशील. जुनी असेल कुठली तरी.

ताई


शुक्रवार, १० मे

भोंगा काल सांगत होता, तू पत्र अर्धंच वाचलंस आणि बरणीखाली ठेवून दिलंस. म्हणालीस, "हिला माझं रान बघवत नाही." म्हणालीस, "सोमवारची वाट कशाला बघू, शनिवारीच लावते." हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

उद्या त्याची फेरी नाही. मी त्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोसमोर हात जोडले. उजाडताच रिकामी गाडी घेऊन निघतो म्हणालाय. त्याला बजावलंय, हे पत्र ती शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोरून हलू नकोस. तू हाकललंस तरी तो हलणार नाही, त्याला राग येत नाही हे तुला माहीत आहे.

आता ऐक. माझ्यावर विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही, तेव्हा विश्वास ठेव असं म्हणत नाही. जे झालं ते सांगते. मग काय करायचं ते तू ठरव.

पलीकडच्या बाईंची बाग आठवते? शाळेतून निवृत्त झालेल्या, भिंतीपलीकडच्या. त्यांच्या वाफ्यात पांढरी सड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घरातल्या कुणी तिकडे पाय टाकायचा नाही असं अप्पांनी बजावलं होतं. त्या वर्षी त्यांचा भाचा आला होता राहायला. हातात कधी खुरपं न धरलेला, बोलायला गोड. बाईंनी त्याला लीक लावायला बसवलं आणि तो प्रत्येक रोप आडवंच लावत होता. मी भिंतीवरून बघत होते. तू हसशील. हस. मी तीन दिवस दुपारी, अप्पा झोपल्यावर, तिकडे जाऊन त्याला लागवड शिकवत होते. आमच्याकडे कसं करतात हे दाखवायला खुंटी घेऊन गेले होते. महिन्याभरात तो गेला, परत पत्रसुद्धा आलं नाही. पण चौथ्या दिवशी आपल्या मोठ्या वाफ्याची लागवड होती. मी विहिरीकडून सुरुवात केली, त्याच खुंटीने. तुझी बाजारातून आणलेली दोनशे रोपं तू रस्त्याकडून लावत आलीस. तुझ्या हातात लोखंडी सळई होती, कारण खुंटी एकच आणि ती नेहमी माझ्याकडे.

सड विहिरीकडून सुरू झाली. माझ्या ओळींपासून.

तू तेव्हाच म्हणाली होतीस, माझ्या ओळी का सडत नाहीत मग? जेवताना म्हणालीस, अप्पांसमोर. मी ताटातून मान वर न करता म्हटलं, "सडतील हळूहळू. बाजारातली रोपं आणली की असंच होतं." अप्पा तुला म्हणाले, माझ्या जमिनीत आता तुझं काम नाही. तू एक पिशवी घेऊन सकाळी निघालीस. मी दारात उभी होते. मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही.

पुढचं तुला माहीत नाही. तू गेलीस त्याच दिवशी मी तुझ्या ओळी उपटल्या. दोनशेची दोनशे रोपं निरोगी होती. मुळांना धरून माती वर येत होती, इतकी घट्ट. अप्पांनी ती पाहू नयेत म्हणून मी सगळी जाळली आणि त्यांना सांगितलं, तिच्याही ओळी सडल्या.

माझे त्या वेळचे बूटही जाळले. सात वर्षं मी स्वतःला समजावत आले की ती सड बुटांनी आणली. चूक बुटांवर ढकलली की हात मोकळे राहतात. अप्पांनी खुंटी खिळ्यावर टांगली ती टांगलीच, नर्सरीतलं सगळं काम मी पेन्सिलीने करत आले, आणि सात वर्षं रोपं स्वच्छ निघत राहिली. यंदा तुझ्यासाठी म्हणून ती खाली काढली. तिच्यावर वाळलेली माती बघून मला अप्पा आठवले, त्यांचे वडील आठवले, ती बाग नाही आठवली. मला आठवायची नव्हती. ट्रेमधल्या ओल्या मातीत ती खुपसत गेले आणि मनात म्हणत होते, आता सगळं ठीक होईल.

आज दुपारी अप्पांना सांगितलं. त्यांची खुर्ची खिडकीकडे होती. मी समोर जमिनीवर बसले, कारण उभं राहून सांगता येईना. सगळं ऐकून घेतलं. मग तोंड वाकडं करत, एकेक शब्द ओढत म्हणाले, "रस्त्याकडच्या ओळी?" मी म्हटलं, "चांगल्या होत्या अप्पा. सगळ्या." त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तो हात डोळ्यांवर ठेवला. म्हणाले, "धुवू नका म्हणून मीच सांगत आलो." त्यानंतर जेवलेही नाहीत.

आता तुला सगळं माहीत आहे. मला काही मिळावं म्हणून हे लिहिलेलं नाही. लावू नकोस एवढंच. माझ्यावर चिडून का होईना, लावू नकोस. एकदा माझ्यामुळे तुझी जमीन गेली. दुसऱ्यांदा तसं झालं तर मी कुठल्याच मातीत हात घालू शकणार नाही.

भोंगा परत येईपर्यंत मी फाटकाशी बसून राहीन.


सोमवार, १३ मे

ताई,

भोंग्याची गाडी शनिवारी आठला आली. मी साडेसहाला सुरुवात केली होती. पहिली ओळ लावून झाली होती, कुंपणाच्या कडेची, एकेचाळीस रोपं. खुंटीनेच लावली. ती माझ्या मुठीत बसत नव्हती, अप्पांची मूठ मोठी, तरी हट्टाने तीच वापरली. बेचाळिसावं भोक पाडत होते तेव्हा त्याने हाक मारली.

उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं. भोंगा माझ्या हातातल्या खुंटीकडे बघत होता. मग मी ती तिथेच सोडली आणि बूट काढून ओळीतच ठेवले, अनवाणी कडेकडेने बाहेर आले. आधी हात धुतले, कोपरापर्यंत, मग पाय. मग रडले. तुझ्यासाठी नाही. त्या दोनशे रोपांसाठी. मला ती सात वर्षं सडलेलीच दिसत होती. कधीकधी मलाच वाटायचं की चूक माझीच असेल.

नंतर दोघांनी ओळ खणली. भोंग्याच्या पायांना पिशव्या बांधल्या. एकेक रोप त्याच्या मातीसकट, दोन हात रुंद आणि हातभर खोल, सगळं गोणीत. गोण्या रानातून नेल्या नाहीत, कुंपण तोडून थेट रस्त्यावर काढल्या. माती पालिकेच्या भट्टीत गेली. ट्रे, क्रेट, सदरा, माझे बूट जाळले. खुंटी आधी धुऊन पाहिली, बादलीत. खाली साधंच लाकूड होतं. मग तीही जाळली, बादलीतलं पाणी उकळून डांबरावर ओतलं.

एखादा दाणा राहिलाच असेल. त्या पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना चार दगड लावलेत. तिथे वीस वर्षं कांदा नाही, लसूण नाही, लीक नाही. तेव्हा मी चोपन्न वर्षांची असेन आणि तू साठीची. मधल्या काळात तिथे लसणाचं पाणी घालत राहणार आहे, त्या वासाने दाणे फसून जागे होतात आणि मूळ न मिळाल्याने उपाशी मरतात म्हणतात. बाकीचं रान अजून कोरं आहे, निदान तसं मानून चालते. यंदा सगळीकडे मका.

माफ कर असं तू कुठेच लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं. अजूनही विचारू नकोस.

पण त्या पट्ट्यावर माझ्या एकटीने नजर ठेवून होणार नाही. काळे दाणे नखावर घेऊन ओळखणारं माणूस मला दुसरं माहीत नाही. आणि अप्पांना रस्त्याकडच्या ओळींबद्दल मला स्वतः सांगायचंय, तुझ्या तोंडून ऐकलं तेवढं पुरे नाही.

गुरुवारी भोंग्याबरोबर दोघं या. त्यांच्या खुर्चीची चाकं निघण्याआधी ब्लीचने पूस, गाडीची मी इथे धुईन. पेन्सिलवाला ट्रे आणू नकोस, कितीही चांगला असला तरी.

तुझे बूटही आणू नकोस. इथे नवे घेऊन ठेवलेत, दाराशी आहेत. सहा नंबर. डाव्या पायात तुला जाड मोजा लागतो, तोही आत घालून ठेवलाय.